एक सिलिंडर थंड, बाकीचे गरम : बोटीच्या इंजिनाचे दुखणे कसे ओळखावे?



कापडाच्या धंद्यातला माणूस इंजिनावर काय लिहिणार, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. परंतु आपल्या ठाणे-कल्याण भागात पैसा एकाच धंद्यात राहत नाही. कुणाचा मासेमारीच्या बोटीत चार आण्यांचा हिस्सा असतो, कुणाची लाँच भाड्याने चालते, तर कुणी नातलगाला बोट घेण्यासाठी रक्कम दिलेली असते. आपल्याकडे खाडी आहे, म्हणजे बोटी आहेतच. कल्याण हे तर जुने बंदर. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतले आणि इथल्याच खाडीवर आरमाराची सुरुवात झाली. २०१६ साली कल्याण-ठाणे-मुंबई हा १४५ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून जाहीर झाला आणि २०२४ साली वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. तेव्हा बोटीत पैसा घालणारे पुढे कमी होतील असे नाही.

आता गंमत अशी की इंजिनाला हात न लावणारा भागीदारच बहुतेक वेळा दुरुस्तीचे बिल भरतो. दुखणे काय हे त्याला कळत नसेल, तर मिस्त्री सांगेल ती रक्कम मोजण्याशिवाय त्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून आजचा हा धडा मिस्त्रींसाठी नाही, बिल भरणाऱ्यांसाठी आहे. विषय एकच घेतला आहे : इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट सारखा तापत नसेल, तर दोष कुठे शोधावा?

आमचा स्वतःचा तजुर्बा

आमच्या मेहुण्यांची मासेमारीची बोट आहे, तिच्यात आमचाही थोडा हिस्सा आहे. इंजिन सहा सिलिंडरचे डिझेल. पावसाळ्यातील मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. ती उठल्यावर बोट निघाली आणि दुसऱ्याच फेरीत तक्रार सुरू झाली. धूर काळा, ओढ कमी, डिझेल जास्त. एका मिस्त्रीने लेझरचा थर्मामीटर रोखून सहाही सिलिंडर तपासले आणि सांगितले, "शेठ, पाच नंबर सर्वांत गरम आहे. हेड खोला, पिस्टन-लायनर नवे टाका."

आम्ही हो म्हटले. चाळीस हजारांच्या वर खर्च झाला, ऐन हंगामातले आठ दिवस गेले. बोट पुन्हा पाण्यात उतरली आणि धूर पूर्वीसारखाच काळा!

शेवटी मेहुण्यांनी एका वयस्कर इंजिन ड्रायव्हरला बोलावले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "गरम कोण ते सगळेच सांगतात, शेठ. थंड कोण ते कुणी विचारले का?" मग त्यांनी बोटीच्या खणातली वही मागितली. मागच्या हंगामात इंजिन ठीक असताना मेहुण्यांनी तिच्यात तपमान लिहून ठेवले होते. वही होती, पण ती कुणी उघडली नव्हती!

मागच्या हंगामात, मिनिटाला १४०० फेऱ्यांवर, आकडे असे होते (अंश सेल्सिअसमध्ये) :
पहिला २०४, दुसरा २०८, तिसरा २०१, चौथा २०६, पाचवा २१५, सहावा २०३.

बिघाड झाल्यावर, तेवढ्याच फेऱ्यांवर :
पहिला २३०, दुसरा २३३, तिसरा १४२, चौथा २३२, पाचवा २४३, सहावा २२९.

वाचकांनी हे दोन हिशेब शेजारी ठेवून पाहावेत. पाचवा सर्वांत गरम आहे खरा, पण तो निरोगी असतानाही सर्वांत गरमच होता. पाचही सिलिंडर साधारण पंचवीस ते अठ्ठावीस अंशांनी चढले आहेत. उतरला आहे तो एकटा तिसरा, तोही जवळजवळ साठ अंशांनी. दोष तिसऱ्यात होता. त्याचे नोझल घाणीने तुंबले होते. ते साफ करून, तपासून परत बसवले आणि पाचवा न उघडताच खाली आला. आमचे चाळीस हजार निरोगी सिलिंडरवर गेले.

असे का होते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून एवढी तापवली जाते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांचे असे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. तेव्हा एक्झॉस्ट किती तापेल हे चार गोष्टींवर ठरते : डिझेल किती गेले, ते कधी फवारले गेले, हवा किती मिळाली आणि ती पुरेशी दाबली गेली का.

यात पाचवी गोष्ट गव्हर्नरची. इंजिनाचे फेरे कायम ठेवणे हे त्याचे काम. एक सिलिंडर काम टाळू लागला की फेरे उतरू लागतात. गव्हर्नर लगेच पंपाची पट्टी पुढे सरकवून डिझेल वाढवतो. पण ते एकट्या आजारी सिलिंडरला वाढवून देणे त्याला जमत नाही, तो सगळ्यांनाच वाढवून देतो. आजारी सिलिंडर ते घेऊ शकत नाही किंवा जाळू शकत नाही, आणि निरोगी सिलिंडर मात्र दुसऱ्याच्या वाट्याचे ओझे ओढून तापतात. दुकानात पाच नोकर घाम गाळत आहेत आणि सहावा गोदामात झोपला आहे, तर मालकाने घाम गाळणाऱ्याला दवाखान्यात नेऊन काय होणार?

थर्मामीटर रोखणारा माणूस सर्वांत मोठा आकडा शोधतो, म्हणून फसतो. आपण आधी सर्वांत लहान आकडा शोधावा.

मोजण्याची शिस्त

मोजणीच चुकली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, इंजिनावर भार हवा. बंदरात गिअर न टाकता घेतलेले आकडे फसवे असतात, कारण रिकाम्या इंजिनाला डिझेल फारच थोडे लागते. बोट पाण्यात चालवून, ठरलेल्या फेऱ्यांवर वीस-पंचवीस मिनिटे स्थिर ठेवून मग मोजावे. बंदीच्या काळात बोट किनाऱ्यावर असताना "सगळे ठीक आहे" असा दाखला कुणी देत असेल, तर तो अर्धाच समजावा.

दुसरी गोष्ट, जागा एकच हवी. धूर हेडमधून जिथे बाहेर पडतो, तिथे प्रत्येक सिलिंडरवर सारख्या अंतरावर खूण करावी. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर खरा आकडा देत नाही, कमी दाखवतो. म्हणून खुणेच्या जागी उष्णता सोसणारा काळा रंग लावावा. वरून मोजलेला आकडा आतल्या धुराच्या तपमानाहून बराच कमी असतो. भरल्या भारावर डिझेल इंजिनाचा धूर चारशे-पाचशे अंशांपर्यंत जातो. तेव्हा आपला २०० हा आकडा परक्या इंजिनाच्या पुस्तकाशी ताडू नये. आपलेच आकडे आपसात, आणि आपल्याच जुन्या वहीशी ताडावेत.

तिसरी गोष्ट, आपले मॅनिफोल्ड कोरडे की पाण्याचे, हे विचारून घ्यावे. बोटीच्या अनेक इंजिनांत मॅनिफोल्डभोवती थंड पाणी फिरत असते. तिथे वरून मोजले तर धुराचे नव्हे, पाण्याचे तपमान मिळते आणि सगळे सिलिंडर सारखेच दिसतात. अशा इंजिनात हेडला लागून, पाणी नसलेल्या जागी मोजावे. नाहीतर प्रत्येक तोंडावर तपमानाची सुई, म्हणजे पायरोमीटर, बसवून घ्यावा.

चौथी गोष्ट, वही. तारीख, फेरे, बोट भरलेली की रिकामी, आणि सिलिंडरनिहाय आकडे. इंजिन ठीक असतानाचे आकडे हाताशी नसतील, तर बिघाडाच्या वेळचे आकडे अर्धी गोष्टच सांगतात.

फरक किती चालतो? दोन सिलिंडरांत थोडा फरक नेहमीच असतो. मोठ्या सागरी इंजिनांवर धुराचे तपमान सरासरीपासून ५० अंशांनी हलले की लक्ष देण्याचा प्रघात आहे. आपल्या इंजिनासाठी कंपनीचे पुस्तक पाहावे आणि त्याहून आपली वही.

थंड सिलिंडरचा तपास : स्वस्त ते महाग

दोष थंड सिलिंडरमध्ये आहे हे ठरले, तरी लगेच हेड खोलू नये. ज्या तपासाला खर्च नाही तो आधी, ज्याला जास्त तो शेवटी.

१. नजर आणि कान. डिझेलचा पाइप गळतो का? फिल्टर कधी बदलला? टाकीच्या तळाशी पाणी साचले आहे का? इंधनात हवा शिरली तरी सिलिंडर मार खातो. धूर पांढरा असेल तर डिझेल आत जाते आहे पण जळत नाही, असा संशय घ्यावा.

२. सिलिंडर बंद करून पाहणे. जुन्या पद्धतीच्या पंपाचे इंजिन असेल, तर मंद चालीवर मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचे नट किंचित सैल करतो. चांगल्या सिलिंडरचे नट सैल केले की इंजिन अडखळते, आवाज बदलतो. ज्याचे नट सैल करूनही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. हे करताना वर फडके धरावे आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर डिझेल उडू देऊ नये, आग लागते. आणि नव्या कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कधीही करू नये. तिथे दाब इतका असतो की धार कातडी फोडून आत शिरते. अशी जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण वेळ न घालवता दवाखाना गाठावा लागतो.

३. अदलाबदल. ही आमची सर्वांत आवडती कसोटी, कारण हिच्यात कुणाच्या मताची गरज नाही. तिसऱ्याचे नोझल पहिल्याला आणि पहिल्याचे तिसऱ्याला बसवावे, खालचे तांब्याचे वायसर नवे टाकावे, हवा काढावी आणि पुन्हा भारावर मोजावे. थंडपणा तिसऱ्यावरून पहिल्यावर गेला, तर दोष नोझलचा. तो तिसऱ्यावरच राहिला, तर नोझल निर्दोष आहे. कापडात आपण हेच करतो. ताग्यावर डाग पडत असेल तर दुसऱ्या मागावर तेच सूत चढवून पाहतो, म्हणजे दोष सुताचा की मागाचा ते कळते.

४. टॅपेट. इंजिन थंड असताना वॉल्व्हचे अंतर पुस्तकाप्रमाणे तपासावे. अंतर फार कमी असेल तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि वॉल्व्ह जळू लागतो. खर्च जवळजवळ काहीच नाही, पण विसर याचाच पडतो.

५. पंप. नोझल निर्दोष असेल, तर त्या सिलिंडरला डिझेल पुरवणारा पंपातला भाग झिजला असू शकतो. पंप खोलून दुकानात मशीनवर लावावा लागतो. बंदरावर उघड्यावर पंप खोलू देऊ नये, वाळूचा एक कण पुरे होतो.

६. कॉम्प्रेशन. नोझलच्या भोकात गेज लावून सगळ्या सिलिंडरांचा दाब मोजावा. एकाचाच बराच कमी भरला तर रिंग, लायनर किंवा वॉल्व्हचा संशय. शेजारच्या दोघांचा एकदम कमी भरला तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट गेली असण्याचा संभव जास्त.

हेड खोलण्याची पाळी येते ती एवढे सगळे झाल्यावर. आमच्या मिस्त्रीने सुरुवातच शेवटापासून केली होती!

एकटाच गरम असेल तर

वहीशी ताडून बाकीचे पाच जागच्या जागी असतील आणि एकटाच चढला असेल, तर मात्र दोष खरोखर गरम सिलिंडरचा. नोझल नीट फवारा न मारता थेंब गाळते आहे का, डिझेल उशिरा जळते आहे का, पंप त्याला जास्त डिझेल देतो आहे का, किंवा एक्झॉस्ट वॉल्व्ह जळून जळता वायू निसटतो आहे का, हे पाहावे. इथेही पहिली कसोटी नोझलच्या अदलाबदलीचीच. थेंब गाळणाऱ्या नोझलकडे दुर्लक्ष केल्यास पिस्टनचा माथा जळतो, मग खर्चाला सीमा राहत नाही.

सगळेच गरम असतील तर

सहाही सिलिंडर सारखेच चढले असतील, तर कुठलाही एक सिलिंडर खोलणे व्यर्थ आहे. दोष सर्वांच्या सामाईक वाटेत असतो. हवेचा फिल्टर तुंबला असेल, टर्बो असल्यास त्याची हवा गळत असेल, धुराड्यात काजळी बसली असेल, इंजिनघराला पुरेशी हवा मिळत नसेल. बोटीच्या बाबतीत आणखी एक कारण गाडीला नसते : बुडाला लागलेली शिंपले-शेवाळाची चढण आणि पंख्यात अडकलेले जाळे. बूड खरखरीत झाले की तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला जास्त ओढावे लागते. मागच्या मालकाने मोठा पंखा बसवला असेल तरी हेच होते. इथे औषध इंजिनघरात नाही, बोट ओढून बूड साफ करण्यात आहे.

आपली खाडी आणि पाण्याची बाजू

आपल्या खाडीत गाळ आणि प्लास्टिक दोन्ही भरपूर. ओहोटीला बोट उथळ पाण्यात आली की पंप पाण्याबरोबर गाळही ओढतो. जाळीवर पिशवी बसते, गाळाने इम्पेलरची पाती झिजतात आणि कूलरच्या नळ्या तुंबतात. ज्या बोटींत धुरात पाणी सोडून तो मागून बाहेर काढतात, तिथे हे पाणी कमी झाले की रबरी पाइप जळतो. दोन रांगांचे इंजिन असेल आणि एका बाजूचा बाक दुसऱ्याहून फार गरम लागत असेल, तर बहुधा सिलिंडर ठीक असतात. त्या बाजूची पाण्याची वाट खाऱ्या पाण्याच्या गंजाने बुजलेली असते. मागून पडणारी पाण्याची धार रोज सकाळी पाहण्याची सवय खलाशांना लावावी. त्याला एक पैसा पडत नाही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट

एखाद्या सिलिंडरजवळ धुराचा सांधा फुटला, तरी तिथला भाग जास्त तापलेला दिसतो. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा असेल तर ओळखावे की धूर गळतो आहे. याला किरकोळ समजू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खलाशी इंजिनघराच्या वर किंवा शेजारी झोपतात. झोपेत हा वायू भरला तर माणूस उठत नाही. लाकडी बोटीत तापलेल्या पाइपाशेजारी डिझेलने भिजलेले फडके पडले असेल तर आग लागायला वेळ लागत नाही. उत्तनची बोट किनाऱ्यापासून दूर असते, तिथे अग्निशामक दल येत नाही. हिस्सेदाराने बिलावर वाद घालावा, पण सांध्याच्या गॅस्केटवर आणि धुराच्या पाइपाच्या वेष्टनावर कंजुषी करू नये. बोटीवर आपला माणूस असतो.

जनरेटर आणि जुनी बोट घेणाऱ्यांसाठी

भिवंडीतील आपल्या कारखानदार बंधूंनीही हा धडा लक्षात ठेवावा. मागांसाठी ठेवलेला जनरेटर हेच डिझेल इंजिन आहे आणि त्याचा गव्हर्नरही तसाच वागतो. ठरलेले माग चालू ठेवून, ठराविक भारावर महिन्यातून एकदा आकडे लिहावेत.

जुनी बोट घेताना रंग पाहू नये. मालकाला म्हणावे, "एक तास चालवून दाखवा," आणि सगळ्या सिलिंडरांचे आकडे स्वतः लिहून घ्यावेत. विकणाऱ्यानेही दोष असेल तर सांगून किंमत कमी करावी. लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही.

थोडक्यात

१. भारावर, ठरलेल्या फेऱ्यांवर, एकाच खुणेवर मोजा.
२. इंजिन ठीक असताना वहीत आकडे लिहून ठेवा.
३. सर्वांत गरम नव्हे, आधी सर्वांत थंड सिलिंडर शोधा.
४. एकटा उतरला, बाकी चढले : दोष उतरलेल्यात. एकटा चढला, बाकी जागेवर : दोष चढलेल्यात. सगळे चढले : दोष हवा, धुराडे, बूड किंवा पंखा यांत.
५. नोझलची अदलाबदल केल्याशिवाय हेड खोलू देऊ नका.
६. गळका सांधा त्याच दिवशी बंद करा.

मिस्त्रीशी भांडायचे नाही. वही पुढे ठेवून नम्रपणे विचारायचे, "उस्ताद, थंड कोणता?" चांगला मिस्त्री या प्रश्नाने खूश होतो. जो चिडतो, त्याच्या हाती पाना देण्यापूर्वी एक दिवस थांबावे.